सरांची भिंत आणि शाबूत काच

नांदेडला तरोडा नाक्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळच्या गल्लीत रेणुकादास सर राहतात. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. आकडा चुकला म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं करणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र कशाचाही भरवसा धरत नाही. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येणार आणि कुलूप ओढून बघणार. गॅस बंद केला का, हे बघायला पुन्हा आत जाणार. मग कुलूप पुन्हा लावणार, म्हणजे ते पुन्हा ओढून बघणं आलंच. त्यांची स्कूटर निघायची वेळ झाली की गल्लीतल्या बाया गेटाशी येऊन उभ्या राहतात. फुकटातला तमाशा कोण सोडतं?

पण गेल्या पावसाळ्यापासून या घरात सरांपेक्षा मोठी काळजी मुक्कामाला आली होती. एका सकाळी जमीन हलली. फार नाही, मांडणीवरची भांडी किणकिणली आणि गल्लीतली माणसं टॉवेलवर रस्त्यात आली. पेपरात दोन दिवस बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी लोक विसरले. सौदामिनीबाई विसरल्या नाहीत. त्या सरांच्या पत्नी. माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या परकरातल्या पोर होत्या. त्या रात्रीचं त्या कधी बोलत नाहीत, सरांशीही नाही. एवढंच सगळ्यांना ठाऊक की त्यानंतर त्यांच्या माहेरची माणसं रेणापूरला गेली आणि भावानं तिथं पत्र्याचं, बसकं घर बांधलं.

तर त्या सकाळी सरांच्या घराच्या दर्शनी भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली, वीतभर तिरपी भेग दिसली. त्या दिवसापासून बाईंची खाट पोर्चमध्ये. थंडी आली तरी खाट हलली नाही, वर एक रग तेवढा वाढला. गल्लीनं काय काय म्हणून घेतलं! "सरांनी घराबाहेर काढलं वाटतं." "अहो, सर कसले काढतात? दाराला कुलूप लावायलाच त्यांना अर्धा तास लागतो!"

सरांच्या ओळखीचा इंजिनिअर महांतेश उदगीरचा. त्यानं येऊन भिंत ठोकली, कान लावला आणि सांगितलं, "विटांत काही नाही सर. वरचा गिलावाच तडकलाय." बाईंनी विचारलं, "कशावरून?" तेव्हा त्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी मागवली, भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी पक्की केली. "वहिनी, भिंत केसाएवढी जरी सरकली तरी ही काच तडकणार. काच शाबूत, तोवर भिंत शाबूत."

बाईंना हे पटलं. पटलं म्हणजे कसं, तर रोज उठलं की आधी काच, मग चहा. आणि सरांना त्यांनी बजावून ठेवलं, "ज्या दिवशी ही काच तडकंल, त्या दिवशी मी रेणापूरला जाईन. मग या घराचं पाणीसुद्धा प्यायला येणार न्हाई." बाई बोलतात कमी, पण बोलल्या की तसंच करतात. सरांनाही हे ठाऊक होतं, म्हणून काचेला धक्का लागेल या भीतीनं त्यांनी त्या भिंतीजवळून जाणंच सोडलं. सूनबाईनं सासऱ्यासमोर पदर सावरावा तसे अंग चोरून ते पोर्चमधून जायचे.

काच महिनोन्‌महिने शाबूत राहिली, तरी बाई काही आत येईनात. सर म्हणाले, "काच ठीक आहे ना?" बाई म्हणाल्या, "काच ठीक आहे, पण भेग दिसतीच की." या एका वाक्यावर सरांनी डोकं चालवलं आणि तिथंच घात झाला. भेग दिसते म्हणून भीती वाटते, मग भेग दिसलीच नाही तर? बाहेरून खरबरीत टेक्श्चर मारायचं, भिंत बाभळीच्या सालीसारखी दिसेल आणि त्यात भेग हुडकून सापडणार नाही. गवंडी आणावा, तर तो हातोडी मारणार आणि वर बाईंना गावभरच्या भिंतींच्या गोष्टी सांगणार. तेव्हा आपणच करायचं. शिमगा आठवड्यावर आला होता. भाच्याच्या मुलाच्या बारशासाठी बाई रेणापूरला गेल्या आणि सरांनी मोबाइलवर टेक्श्चर मारायचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. सामानाच्या बादल्या घरी आल्या तेव्हा शेजारचे हणमंतराव गेटाशी आलेच. हे तहसीलातून रिटायर झालेले, दुसऱ्याच्या कामावर देखरेख करणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा.

"काय सर, हॉटेल टाकून राहिलात का?"

"जरा भिंतीचं काम."

"गवंडी कोण?"

"मीच."

हणमंतरावांनी आभाळाकडं बघून हात जोडले आणि घरात निरोप द्यायला गेले. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं.

इकडं बाईंचा रोज सकाळी फोन. "काच बघितली का?" नुसतं हो म्हणून चालत नव्हतं, फोटो पाठवावा लागे. सर फोटो काढत, बाई तो मोठा करून बघत, मग दिवस सुरू. एका सकाळी फोटो पाठवून झाल्यावर सरांनी काम काढलं. भेग भरायची तर काच आधी सोडवावी लागणार. सरांनी पेचकस घेतला, सिमेंटच्या गोळ्याखाली सारला, श्वास धरून अगदी दमानं उचलला. बारीकसा आवाज झाला. काचेचे दोन तुकडे सरांच्या तळहातावर आले.

सर तिथंच पोर्चच्या पायरीवर बसले. पावसाळा, थंडी, मालमोटारींची धडधड, सगळं सोसून टिकलेली काच त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली होती. भिंतीनं मोडली नाही हे खरं, पण ते बाईंना सांगणार कोण? आणि सांगितलं तरी त्या खरं कशाला मानतील? सरांनी तुकडे खिशात घातले. मग बाहेर काढून परत बघितले, अजून तुटलेलेच आहेत का म्हणून. भेगेत पुट्टी भरली, वर जाळीची पट्टी चिकटवली, प्रायमरचा हात मारला. दिवस तेवढ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काच बघितली का?"

"हाव. शाबूत आहे."

"फोटो?"

सरांनी कालचाच फोटो पुन्हा पाठवला. उभ्या आयुष्यात कॉपी करणाऱ्या पोरांना पकडलेला माणूस, पण स्वतः कॉपी करायला बसला तर पहिल्याच ओळीत सापडला. बाईंचा लगेच दुसरा फोन.

"अहो, काचेच्या वर पाल बसलीय."

"असेल. पाली बसतात."

"कालपण तिथंच होती. शेपूट तसंच वळलेलं."

सर म्हणाले, "तिची जागाच ती आहे."

मग बाई म्हणाल्या, "मी दुपारच्या गाडीनं निघून राहिले. संध्याकाळी येते."

"अगं, बारसं उद्या आहे ना?"

फोन बंद झाला होता.

आता सरांच्या हातात होता तेवढाच दिवस. काहीतरी करून भिंत पुरी करायची, इतकी देखणी करायची की बाईंची नजर काचेपर्यंत जाऊच नये. चढायला घोडी लावली, बादली ढवळली, डाव्या कोपऱ्यातून थापीनं माल पसरत निघाले. माल पसरायचा आणि तो ओला असतानाच प्लास्टिकचा रंधा गोल फिरवायचा, म्हणजे बारीक खडे सरकून साल उमटते. व्हिडिओतला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की एका टोकाहून सुरुवात केली की दुसऱ्या टोकालाच थांबा, मध्ये हात उचलू नका. सरांनी ते ऐकलं होतं. पण त्या व्हिडिओतल्या माणसाला हणमंतराव शेजारी नव्हते.

भिंत पश्चिमेची. दुपार कलली तसं ऊन थेट भिंतीवर आलं. सर अर्ध्यावर पोचले होते, घाम चष्म्यात उतरत होता आणि खिशातल्या काचा मांडीला टोचत होत्या. तेवढ्यात हणमंतराव चहाचा कप घेऊन आले.

"घ्या सर. खाली उतरा, चक्कर येऊन पडाल."

"नको, मध्ये थांबायचं नसतं."

"अहो, मी तहसीलात उभा जन्म काढला. कुठलं काम मध्ये थांबल्यानं बिघडलंय?"

भीड हा सरांचा दुसरा रोग. उतरले, चहा घेतला. हणमंतरावांनी मागं सरून डोळे बारीक करून भिंत बघितली. "जमलंय बरं का. थोडं शेवेच्या ताटासारखं दिसायलंय, पण जमलंय." मग स्वतःच्या घराला कसा रंग दिला आणि रंगाऱ्यानं कसं फसवलं ते सांगितलं. ते संपेपर्यंत उन्हानं अर्ध्या भिंतीचा माल चाटून घेतला होता. सर पुन्हा चढले, सुकलेल्या कडेला ओला माल भिडवला, रंधा फिरवला. कड दबेना. जास्त दाबली तर जुना माल सोलून निघायला लागला. उरलेली भिंत कशीबशी उरकून सर खाली आले, मागं सरले आणि बघत राहिले.

भिंतीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, वाकडीतिकडी, काळपट रेघ उमटली होती. थेट भेगेसारखी. वीतभर भेग लपवायला गेलेल्या माणसानं पुरुषभर भेग तयार केली होती.

"हे काय झालं?" हणमंतराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना चेष्टा सुचली नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळला.

बाई उतरल्या, पिशवी खाली न ठेवता गेटात उभ्या राहिल्या. त्यांनी रंग बघितला नाही, साल बघितली नाही. आधी त्या रेघेवर डोळे खिळले आणि चेहरा पांढरा पडला. ऑटोवाल्याला मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "भाऊ, थांबा जरा. गाडी बंद करू नका."

"अगं, ती भेग नाही, जोड आहे," सर घाईघाईनं म्हणाले.

"कशाचा जोड?"

"चहाचा."

"वहिनी, माझ्या चहाची शपथ," हणमंतराव मध्ये पडले, "माझ्यासमोर झालंय. भूकंप नाही, मीच होतो."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "काच कुठाय?"

ऑटो धडधडत होता. खोटं बोलायला सरांच्या डोक्यात काही कमी वाटा नव्हत्या. काच आत आहे, मालाखाली आहे, महांतेशनं तपासायला नेली. पण एकही तोंडातून फुटेना. त्यांनी खिशात हात घातला आणि दोन तुकडे पुढं केले.

"भिंतीनं नाही मोडली. काढताना माझ्या हातानं मोडली. सकाळी खोटं बोललो. फोटो कालचा होता."

बाईंनी तुकडे घेतले, एकमेकांना लावून बघितले. मग भिंतीकडं बघत, जे इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "आमच्या घरी त्या वर्षी गणपतीच्या आधी बाबांनी नवा गिलावा करून घेतला होता. सगळ्या भेगा बुजवल्या. लई गुळगुळीत झालती भिंत. आजीला म्हणाले, आता बघत बसू नको, निवांत झोप. गणपती गेले त्या रात्री ती त्याच भिंतीला झोपली." मग म्हणाल्या, "मला भेगेची भीती न्हाई हो. बुजवलेल्या भेगेची आहे."

सर वळले, घोडी ओढली, थापी उचलली आणि खिडकीच्या कोपऱ्याशी नवा माल खरवडायला लागले. दिवसभराची मेहनत ढेकळांनी पायावर पडत होती. हणमंतराव म्हणाले, "सर, अहो, शोभा जाते," तर सर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "जाऊ द्या!" माल गेला, प्रायमर गेला. जाळीच्या पट्टीचं टोक नखानं धरून ओढलं तशी ती पुट्टीसकट निघून आली. वहीच्या पानाएवढी जागा उघडी झाली. त्यात तीच वीतभर भेग. तेवढीच. तशीच.

बाई जवळ आल्या. भेगेवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग म्हणाल्या, "दुसरी काच हाय का?"

होती. दोन आणून ठेवल्या होत्या, कारण एक फुटली तर, ही भीती सरांना पहिल्यापासूनच. सरांनी सिमेंट कालवलं, बाईंनी काच दोन बोटांनी आडवी धरली. माल पकडेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

मग बाई गेटाकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, जावा तुम्ही." ऑटोवाल्यानं हणमंतरावांकडं बघितलं. भाडं त्यांनी दिलं, चहाचं प्रायश्चित्त म्हणून.

सरांचं मात्र तिथं संपलं नाही. खरवडताना त्यांनी खिडकीच्या बाजूला टकटक केली होती. "इथं पोकळ वाजतंय का गं?"

"वाजू द्या. काच आहे न."

"पण ही काच नवी आहे. हिचं सिमेंट अजून ओलं आहे. ओल्यात भिंत सरकली तर काच तडकणारच नाही, आपल्याला कळणारच नाही. मला वाटतं, वाळेपर्यंत कुणीतरी बघत राहायला पाहिजे."

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. कुलूप ओढून बघणारा, गॅस बघायला परत येणारा हा माणूस. त्यांनी पोर्चमधली खाट भिंतीपासून हातभर पुढं ओढली, वरचा रग झटकला. "बघा मग तुम्हीच. कुणीतरी बघून राहिलंय म्हटल्यावर मी कशाला बाहेर?" आणि पिशवी उचलून आत गेल्या. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा आतल्या खोलीतला पंखा लागला.

सकाळी दूध आणायला निघालेल्या गल्लीनं बघितलं ते असं, की सर खाटेवर रग गुंडाळून बसलेत, चष्मा लावलाय आणि नजर काचेवर. झोपेनं भरल्या चेहऱ्याच्या सौदामिनीबाई आतून चहा घेऊन आल्या.

"बघितली का?"

"शाबूत आहे," सर म्हणाले, पण कप घेईनात.

"मग काय झालं?"

"पाल दिसत नाही गं. परवा सकाळच्या फोटोत होती. तिला काही कळलं असेल का?"

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला, खाटेच्या टोकाशी बसल्या आणि त्याही पाल शोधायला लागल्या.