स्टँडवर भेटलेला मामा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यातले निम्मे विसरूनही गेलो. धुळ्यात एका मुलीची बॅग गेली होती, ते प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. कागदावर ते किरकोळच होते. वरिष्ठांच्या मासिक बैठकीत त्यावर एक ओळसुद्धा कोणी बोलले नसते.

मी तेव्हा धुळ्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. रात्री उशिरा ठाणे अंमलदाराचा फोन आला. शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर एक मुलगी एकटीच चालत आली होती, पंपावरच्या माणसाने एकशे बाराला फोन केला आणि गस्तीच्या गाडीने तिला ठाण्यात आणून बसवले होते. मी गेलो तेव्हा ती बाकावर पायांकडे बघत बसली होती. वय विशीच्या आतबाहेर. भडगावजवळच्या एका खेड्यातली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी सकाळी मूळ कागदपत्रांची पडताळणी होती, त्यासाठी आली होती.

"बॅग बसमध्ये राहिली," ती म्हणाली.

"बॅग बसमध्ये राहिली तर तू पंपावर कशी पोचलीस?"

त्यावर ती रडायला लागली. आमच्या ठाण्यात साक्रीकडची एक महिला शिपाई होती, वयाने लहान पण डोक्याने पक्की. तिने मुलीला पाणी दिले, स्वतःची शाल दिली आणि मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितले. साहेबांना असे बाहेर काढणारी माणसे ठाण्यात असावी लागतात. अर्ध्या तासाने तिने मला आत बोलावले.

"साहेब, तक्रार नको," मुलगी म्हणाली. "आबांना कळलं तर ते मला परत गावाबाहेर पाठवणार नाहीत. शिक्षण संपलं माझं."

आबा म्हणजे तिचे वडील. मी म्हणालो, "बॅग गेली तर कागद गेले, म्हणजे शिक्षण संपलं. घरी कळलं तरी संपलं. असंच ना? मग बॅगेचं तरी माझ्यावर सोड."

तेव्हा तिने सांगितले. पारोळ्याच्या पुढे बसचे चाक पंक्चर झाले. सगळे रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहिले. धुळ्यात ती मैत्रिणीच्या हॉस्टेलवर राहणार होती, पण हॉस्टेलचे दार रात्री बंद होते आणि बस तर हलायला तयार नव्हती. मैत्रिणीने फोनवर सांगितले, आता वॉर्डनबाई उघडणार नाहीत. तेवढ्यात आबांचा फोन आला. ते काळजी करतील, चिडतील, म्हणून ही त्यांना म्हणाली, पोचले, मैत्रीण घ्यायला आली आहे, आता झोपते. पुढे बस धुळ्याला लागली आणि ती स्टँडवर बाकावर बसली. सकाळपर्यंत तिथेच बसायचे तिने ठरवले होते. निर्णय अगदी योग्य होता. उजेड होता, माणसे होती, चौकशीची खिडकी होती. तिथून ती हलली नसती तर मला हे लिहावे लागले नसते.

पण बाकाजवळ एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी.

"कोनतं गाव शे ताई तुन्हं?"

खान्देशात हा प्रश्न विचारणारा माणूस संशयित ठरवायचा म्हटला तर अर्धा जिल्हा कोठडीत टाकावा लागेल. इथे अनोळखी माणसाशी बोलणे म्हणजे आधी गाव, मग घर, मग नाते. दोन माणसे बसमध्ये शेजारी बसली तर उतरेपर्यंत एकमेकांचे काहीतरी लागतातच. मी रावेरकडचा, केळीच्या पट्ट्यातला. आमची बोली वेगळी, पण खोड तीच. मुलीने गाव सांगितले.

"म्हणजे नानाना घरनी का तू?"

"हो, नाना मन्हा आजोबा."

"मग तर तू मन्ही भाची शे. नाना कसा शेतस आते?"

"बरा शेतस."

"हॉस्टेलनं दार ते बंद हुई गयं व्हई. आठे कसाले बसस? चाल, घर मामी शे."

ती उठली. हेच दुसऱ्या कोणी हिंदीत किंवा शहरी मराठीत म्हटले असते तर तिने तोंड फिरवले असते, तसे तिने मला सांगितलेही. या माणसाबरोबर मात्र ती स्टँडबाहेर लावलेल्या त्याच्या मोटरसायकलवर बसली. बॅग त्याने पुढे टाकीवर घेतली. माझी बॅटरी उतरली, मामीला सांगतो, म्हणून तिचा फोन घेतला आणि बोलून झाल्यावर खिशात टाकला. शहराबाहेर नव्या वसाहतीत एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला, पुढे खड्डे आहेत, तू उतर, मी बॅग ठेवून मामीला बाहेर पाठवतो. ती उतरली. गल्लीत एकाही घरात दिवा नव्हता. मामी काही बाहेर आली नाही.

मी तिला तिथेच दोन गोष्टी सांगितल्या. एक, चूक तुझी नाही. दुसरे, त्याने कोणती गोष्ट आधी सांगितली आणि कोणती तू सांगितलीस, ते आठव. आमच्या शिपाई बाईंनी तिला शेजारी बसवून सगळे संभाषण पुन्हा म्हणून घेतले. गाव तिने सांगितले होते. 'नाना' त्याने म्हटले, पण खान्देशातल्या कोणत्या घरात एक नाना नाही? आजोबा हेही तिनेच सांगितले. भाचीचे नाते त्यावर आपोआप उभे राहिले. मामाने एकही गोष्ट स्वतःच्या पदरची घातली नव्हती. त्याने विचारले आणि तिने भरले.

शेवटी एकच वाक्य उरले. हॉस्टेलचे दार बंद झाले असेल. हॉस्टेलचा विषय तिने स्टँडवर काढलाच नव्हता. मग त्याला कसे कळले? पंक्चर झालेल्या बसजवळ उभे राहून तिने फोनवर ते बोललेले ज्याने ऐकले, तोच हे सांगू शकत होता. मामा स्टँडवर भेटला नव्हता, तो तिच्याच बसमधून उतरला होता.

सकाळी तिने स्वतःच आबांना फोन केला. मी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, तिने शिपाई बाईंचा फोन मागून घेतला. आबा पहिल्या बसने आला. उंच, रापलेला शेतकरी माणूस. लेकीला बघून आधी तिच्यावरच ओरडला.

"खोटं कसाले बोलनी तू मन्हासंगे?"

"तुमी रागवतस म्हनीसन," ती म्हणाली.

 त्याने हातातली टोपी चुरगाळली. मग मला म्हणाला, "लिही ल्या साहेब, काय लिखनं ते. मी बी सही करस." सही त्याची लागत नव्हती. तक्रार मुलीची होती. पण मी त्याला शेजारी बसू दिले. गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मुलीच्या हातात ठेवली आणि कॉलेजात फोन केला. त्यांनी कागदपत्रांसाठी मुदत दिली. ती किती दिवस टिकेल याची खात्री मला नव्हती आणि तसे मी तिला सांगितले.

स्टँडच्या कॅमेऱ्यात एक पाठमोरा माणूस दिसला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. त्याचा काही उपयोग नव्हता. मग आम्ही बसचा कंडक्टर गाठला. वर्णन ऐकून तो लगेच म्हणाला, "तो का? पारोळ्याला चढतो अधूनमधून. देवमाणूस आहे साहेब. बायकांच्या बॅगा वर ठेवू लागतो."

"त्याची स्वतःची बॅग असते?"

कंडक्टर विचारात पडला. "नाही. कधीच नाही."

रात्रीच्या शेवटच्या बसने वारंवार प्रवास करणारा आणि हातात पिशवीसुद्धा नसलेला माणूस. माझ्या मनात पाल चुकचुकली. कंडक्टरला मी तोंड बंद ठेवायला सांगितले.

पुढचे काम शिपाई बाईंनी अंगावर घेतले. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग, आणि पारोळ्याहून धुळ्याला रोज शेवटच्या बसने खेपा. नवऱ्याने घरी स्वयंपाक केला, हे त्यांनी मला फार अभिमानाने सांगितले. मागच्या बाकावर साध्या कपड्यांतले आमचे दोघे असायचे. बरेच दिवस काही घडले नाही. मग एके दिवशी कंडक्टरचा फोन आला की तो चढला आहे. बाईंनी बसमध्येच घरी फोन लावल्यासारखे केले आणि मोठ्याने म्हणाल्या, "हो आबा, पोचनू मी. मैत्रीण उनी शे लेवाले." बस तेव्हा धुळ्याच्या अलीकडे कुठेतरी शेतातून चालली होती. तो दोन बाक पुढे बसला होता. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

स्टँडवर तो बाईंच्या बाकाजवळ आला. गाव विचारले आणि नानांची खुशाली विचारली. बाई नंतर मला म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे नाना कोणी नाहीच. माहेरी नाही, सासरी नाही. पण त्याने इतक्या मायेने विचारलं की मलाच वाटलं, असतील कुणीतरी." बाई त्याच्या मोटरसायकलवर बसल्या, आमची माणसे अंतर ठेवून मागे निघाली आणि त्याच वसाहतीत त्याने गाडी थांबवली. बॅग घेऊन निघायच्या आत आमच्या माणसांनी त्याला धरले. टोपी पडली, ती त्याने वाकून उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला मी स्वतः बसलो. मारहाणीने माणूस बोलतो, पण काय वाटेल ते बोलतो, म्हणून मी तो मार्ग कधी धरला नाही. त्याला चहा दिला. तो अदबीने बसला आणि मलाच म्हणाला, "साहेब, तुमचं गाव कोणतं?"

"तू चहा पी," मी म्हणालो.

तास-दोन तास तो 'मी मदतच करत होतो' असे म्हणत राहिला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. फक्त म्हणालो, "त्या पंक्चर झालेल्या बसमध्ये आणखी दोन मुली एकट्या होत्या. मग हीच का निवडलीस?" त्याला हा प्रश्न आवडला असावा. आपल्या धंद्यातली हुशारी कोणालातरी सांगावी, असे प्रत्येक गुन्हेगाराला वाटते. तेवढ्यासाठी तो स्वतःला अडकवून घेतो.

"त्या दोघींनी घरी खरं सांगितलं, साहेब," तो म्हणाला. "एक म्हणाली, बस बिघडली, उशीर होईल. दुसरीचा भाऊ घ्यायला येणार होता. हिने घरी खोटं सांगितलं. जी पोरगी घरी खोटं सांगते, तिला सकाळपर्यंत कोणी शोधत नाही. आणि ती तक्रारही करत नाही. बॅग हरवली म्हणते आणि गप्प बसते."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतका राग क्वचित आला असेल. राग त्याचा आला, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते याचाही आला.

त्याच्या घराची झडती घेतली. बायको खरोखर होती, पण तिला वाटत होते की नवरा रात्रपाळीचा वॉचमन आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीत बॅगा सापडल्या, एकावर एक रचलेल्या. फोन आणि दागिने त्याने विकून टाकले होते. मार्कशीट, दाखले, प्रमाणपत्रे मात्र जशीच्या तशी होती. का ठेवलीस, म्हणून विचारले तर म्हणाला, "सरस्वती शे साहेब. जाळाले जीव नहीं झाया." मुलींना अंधारात सोडून जायला त्याचा जीव झाला होता.

भडगावच्या मुलीची बॅग सगळ्यांत वर होती. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला, ओळख परेडमध्ये तिने त्याला न अडखळता ओळखले. न्यायालयाच्या परवानगीने कागद तिला परत मिळाले आणि मुदतीत कॉलेजात पोचले. पडताळणीच्या दिवशी आबा तिच्यासोबत आला होता. नंतर ती एकटीच जाऊ-येऊ लागली, असे शिपाई बाईंकडून कळत राहिले.

बाकीच्या एकाही बॅगेची तक्रार कोणत्याही ठाण्यात नव्हती.

निवृत्तीनंतर मला कॉलेजांत व्याख्यानाला बोलावतात. रात्री एकटीने परक्या शहरात उतरल्यावर काय करावे, ते मी मुलींना सांगतो. उजेड सोडू नका. चौकशीच्या खिडकीजवळ किंवा पोलीस चौकीजवळ बसा. फोन आणि कागद दुसऱ्याच्या हातात देऊ नका, तो सख्खा मामा म्हणवत असला तरी. कोणी नाते सांगितले तर त्याच्यासमोरच घरी फोन लावा, खरा नातेवाईक असेल तर त्याला आनंदच होईल. हे सगळे मुली वहीत लिहून घेतात. मग मी मागच्या रांगेत बसलेल्या आईवडिलांकडे वळतो आणि विचारतो, की तुमची मुलगी रात्री फोन करून 'अडकले' म्हणाली, तर तुमचे पहिले वाक्य काय असेल? तिथे मात्र कोणी काही लिहून घेत नाही.

बॅगांतल्या त्या कागदांवरच्या पत्त्यांवरून तेव्हा आम्ही एकेक घर शोधले होते. आम्हाला साक्षीदार हवे होते. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी मी साध्या कपड्यांत गेलो. दाखल्यावरची मुलगी आता दोन लेकरांची आई होती. बॅग हरवली तेव्हा ती शिक्षिका व्हायला धुळ्याला निघाली होती. घरच्यांनी 'स्वतःची बॅग सांभाळता येत नाही' म्हणून पुढचे शिक्षण बंद केले आणि त्याच वर्षी लग्न लावून दिले. मी कागद पुढे ठेवले. तिने दहावीची मार्कशीट उघडली आणि स्वतःच्या गुणांवरून बोट फिरवले. गुण फार चांगले होते.

जबाब द्याल का, असे मी हळू आवाजात विचारले. तिने ओसरीकडे पाहिले. तिथे नवरा आणि सासरे बसले होते.

"बॅग सापडी एवढंच सांगा, साहेब," ती म्हणाली. "तो मानूस भेटना व्हता, ते घरमा सांगू नका."

नवरा आत आला आणि त्याने विचारले, इतक्या वर्षांनी बॅग कुठे सापडली?

"डेपोत," मी म्हणालो. "जुन्या सामानात पडून होती."

"पाहा," तो बायकोला म्हणाला, "तूच विसरली होतीस."

ती हो म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.