समोरच्या खुर्च्या

उपकेंद्राच्या दारात मोटरसायकल उभी राहिली की माझ्या हातातलं काम थांबतं. स्वभावच तसा माझा, आता काय करणार! आमचं घर धसईच्या रस्त्याला. पडवीत बसलं की समोर आरोग्य उपकेंद्र, आणि समोर आहे ते माणूस बघणारच की. लसीच्या दिवशी सकाळी एक माणूस निळी पेटी घेऊन यायचा आणि आत गेला की अर्धा तास बाहेर यायचा नाही. पेटी द्यायला किती वेळ लागतो हो? उपकेंद्राची सिस्टर मागच्याच खोलीत एकटी राहायची. नवरा नाशकाकडे नोकरीला असतो असं सांगायची. मी काही त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते मी अर्धंच खरं धरलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी गाणारी आहे. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, पण गावात ओळख लग्नातल्या गाण्यांची. आमच्याकडे वऱ्हाड मांडवात आलं की दोन्हीकडच्या बाया समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकींना धुऊन काढतात. विहिणीचं पोट, करवलीचं नाक, मामाची दारू, काही म्हणजे काही सुटत नाही. एरवी कुणी तसं बोललं तर डोकी फुटतील. मांडवात मात्र राग धरायचा नाही, उलट गाऊन उत्तर द्यायचं, आणि मग एका पंगतीला जेवायला बसायचं. माझी आई किन्हवलीकडची. हे सगळं तिच्याकडून आलं. तिची अट एकच होती. "जिच्या बाजूला उत्तर द्यायला चार बाया हायत, तिलाच गाणं लावायचं. एकटीला नाय लावायचं." ती अट मला लहानपणापासून पाठ होती.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड शहापूरकडून यायचं होतं आणि त्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला. भर दुपार, मांडवात पंखे गरम वारा फेकताहेत, आम्ही बाया नटूनथटून तयार, आणि समोरच्या लाल खुर्च्या रिकाम्या. गाणी ओठावर आलेली, ऐकायला गर्दी, पण गायचं कुणावर? तेवढ्यात सिस्टर आली. ती मागे कोपऱ्यात बसायला निघाली होती, तर कुणीतरी हाताला धरून तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. माझी जीभ वळवळली.

सिस्टरबाय गो सिस्टरबाय,
तुज्या दारी गाडी कुनाची हाय?
सुई टोचाया येल किती,
दारामागं चाललंय काय?

मांडव नुसता उसळला. बाप्ये शिट्ट्या मारायला लागले. सिस्टरही हसली, तोंडाला पदर लावून. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढे कित्येक दिवस त्या हसण्यावरच मी निभावून नेलं.

आठ दिवसांत त्याचा व्हिडिओ फिरायला लागला, खाली ढोलकीचा ठेका टाकून. सिस्टर धसईच्या स्टँडवर एसटीतून उतरली की कुणाच्या तरी फोनवर तो वाजायचाच. पोरं तिच्या पाठीमागून "दारामागं चाललंय काय" म्हणत चालायची. तिला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. मग सासवा सुनांना तिच्याकडे तपासायला पाठवेनाशा झाल्या. पाड्यावरच्या दोन बायांनी बाळांना लसीला आणलंच नाही, कारण नवरे नको म्हणाले. तिच्या वरच्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं, लोक येतच नसतील तर तुम्हाला तिथं ठेवून काय करायचं?

हे सगळं तिनेच मला सांगितलं, आमच्या पडवीत उभी राहून. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मावशी, पुढच्या लसीच्या दिवशी सगळ्या बायांसमोर एवढंच सांगा, की ते खोटं होतं. नाहीतर मला इथून जावं लागेल. मला नाही जायचं."

"अगो, लग्नातलं गाणं ते! त्यात खरं काय आन् खोटं काय? आणि तू पण हसलीस ना?"

मला रागच आला. उद्या तोंड उघडायला पण परवानगी घ्यायची का? बायांना बोलायला तेवढी एकच जागा, तीही बंद करायची? आणि खरं सांगू, मनात आणखी एक किडा होताच. ही एवढी 'खोटं म्हणा, खोटं म्हणा' करतेय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. तिला मी म्हटलं, दोष गाण्याचा नाही, ज्याने व्हिडिओ फिरवला त्याचा आहे. त्या नालायकाला मी शोधून काढते, तू बघच. ती मान हलवून निघून गेली.

पहिला संशय धाकट्या जावेवर. तिच्याकडे नवा फोन, आणि माझं कुणी कौतुक केलं की तिच्या पोटात दुखतं हे जुनंच. मी सरळ तिच्या ओट्यावर जाऊन विचारलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं तिने.

"ताई, व्हिडिओ कुनी काढला ते शोधतेस. गाणं कुनी गायलं ते नाय शोधत?"

"तू मला अक्कल शिकवू नको!"

"मी कशाला शिकवू? मास्तरीण तूच हायस."

तेव्हापासून आमचा अबोला. ती चिडली म्हणजे तीच, असं मी धरून चालले होते. पण पुरावा हवा ना! लग्नाच्या शूटिंगवाल्याचं दुकान मुरबाडला आहे. एक दिवस एसटी पकडून तिथं गेले. तसा त्याचाही संशय होताच मला. तो म्हणाला, "मावशी, सगळं शूटिंग आहे माझ्याकडे. कोण काय करत होतं तुम्हीच बघा." मला स्टूल दिलं. मी चष्मा पुसला आणि चोर पकडायला बसले.

पहिल्या ओळीला सिस्टर हसली. दुसऱ्या ओळीला तिने उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या. शेवटच्या ओळीला पदर तोंडावरून खाली आला तेव्हा ती हसत नव्हती. ती उठायला लागली, तर मागून कुणीतरी खांद्याला दाबून तिला परत खाली बसवलं. मला वाटत होतं मी ते एकदाच म्हटलं. तीनदा म्हटलं होतं. आणि तिसऱ्यांदा सुरू करण्याआधी पडद्यावरची मी हात वर करून ओरडते आहे, "ए, फोन काढा रे! नीट घ्या, तोंड दिसू दे तिचं!" त्याबरोबर मांडवभर फोन वर झाले. त्यात धाकटी जाऊ नव्हती. ती मागे पाण्याचे ग्लास भरत होती.

"सापडला का कोण ते?" त्याने विचारलं.

"नाय बा," मी म्हटलं आणि दुकानाबाहेर आले. लाज वाटली. या वयात, एवढी लाज.

घरी आल्यावर सुनेला विचारलं, तो पेटीवाला आत अर्धा तास काय करतो गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, बाटल्या मोजून घ्यायच्या, थंड आहेत का बघायच्या, वहीत लिहून सही करायची. मी बाळाला मांडीवर घेऊन तिथंच बसलेली असते की. तुम्ही विचारलं का कधी?"

पुढच्या लसीच्या दिवशी सुनेबरोबर मीही गेले. जेमतेम पाच-सहा बाया होत्या. एरवी ओसरीत पाय ठेवायला जागा नसते. उभी राहिले आणि म्हटलं, "मी मांडवात जे गायले ते खोटं होतं. मी काही पाहिलं नव्हतं. एकटी बघून गायले. चूक माझी." एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "आता कशाला बोलतेस गो बाय? केस टाकली काय हिनं तुज्यावर?" बाकीच्या एकमेकींकडे बघून हसल्या. तसं हसणं मला चांगलं ओळखू येतं, मीच आयुष्यभर हसत आले तशी.

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. दारापर्यंत आलीच नाही. पेटीवाल्याने पेटी मैलाच्या दगडावर ठेवली, हॉर्न दिला आणि गाडीवरच बसून राहिला. गाणं फिरायला लागल्यापासून तो आत येत नाही, हे मला सुनेने तिथं कानात सांगितलं. पडवीत बसून सगळ्या जगावर नजर ठेवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

सिस्टर वही घेऊन उन्हात चालत निघाली. मी मागोमाग गेले आणि पेटीला हात घातला.

"राहू द्या, मावशी," ती हळूच म्हणाली. "बरोबर दिसलो तर म्हणतील, हिनेच बोलायला लावलं."

मी हात काढला, पण परत फिरले नाही. तिने पेटी तिथंच उघडली, सगळ्यांना दिसेल अशी, वर पदराची सावली धरून. आणि बाटल्या मोजायला लागली, एक, दोन, तीन, प्रत्येक घराच्या पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.