आधी खोड, मग भाव

आमच्या खडवलीच्या घरात दोन घोड्या होत्या आणि मी एकुलती एक मुलगी होते. घोड्या पांढऱ्या होत्या, मी नव्हते. वडील लग्नाच्या वराती करायचे. कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, आणि पैसे बरे मिळत असले तर घोडी टेम्पोत चढवून थेट ठाण्यापर्यंत. नवरदेव किती जाड आहे हे ते फोनवरच विचारून घ्यायचे आणि जाड निघाला की घोडीची दया येऊन दर वाढवायचे. घोडीची दया त्यांना फार लवकर यायची.

थोरलीला शिंगरू झालं ते काळं. शेजारच्या बायका बघायला आल्या आणि मेलेल्या माणसाच्या घरातून निघावं तशा हळहळत गेल्या. वडील मात्र गालात हसले. आमच्यातल्या बऱ्याच पांढऱ्या घोड्या जन्मतात काळ्याच, मग वर्षावर्षाने उजळत जातात. शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं असलं की समजायचं, हे पुढे पांढरं होणार. ते कडं वडिलांनी मला बोट लावून दाखवलं होतं.

शिंगरू मी वाढवलं. कौतुक करून घ्यायला सांगत नाही. वडिलांना वराती होत्या, आईचे गुडघे गेले होते, उरले कोण? कॉलेजातून आले की त्याला चंदी घालायची, खूर साफ करायचे आणि मग त्याच्या कानाशी उभं राहून स्टीलचं ताट बडवायचं. वरातीच्या जनावराला आधी हेच शिकवावं लागतं. दिसायला कितीही देखणं असो, डीजे सुरू झाल्यावर नवरदेवाला गटारात टाकत असेल तर त्याला कोण विचारतो? ताट झालं, पत्र्याचा डबा झाला, फोनवर मोठ्याने बँड लावून झाला, दिवाळीत लवंगीची माळ झाली. पहिल्यांदा ते माझ्या पायावर पाय देऊन पळालं, माझं नख काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवाळीला मात्र माळ वाजत असताना ते माझी ओढणी चघळत उभं राहिलं.

दोन वर्षांचं झाल्यावर वडिलांनी विकायचं ठरवलं. तिसऱ्या तोंडाची चंदी परवडत नव्हती. मी बी.कॉम.ला होते, म्हणून भाव काढायचं काम माझ्याकडे आलं. आता मी घोडबंदर रोडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, पण इतक्या मन लावून काढलेला दुसरा आकडा मला आठवत नाही. तयार घोडीला काय पडतं ते धरलं. शिंगरू पाठीवर माणूस घेण्याजोगं व्हायला अजून दीडदोन वर्षं, तोवर घेणाऱ्याला ते बसून पोसायचं, तेवढं कापलं. रंग यायला वेळ लागणार, तेही कापलं. ते बँडला बिचकत नाही, त्याचे वर चढवले. सत्तर हजार आले.

"नव्वद सांगू, सत्तरला येऊ," वडील म्हणाले.

"सत्तरच सांगायचे. बरोबर भाव आहे तो."

"अगं, घासाघीस केल्याशिवाय माणसाला वस्तू आपली वाटत नाही." पण ते ऐकतील असं मला वाटलं, आणि त्यांनी खरंच ऐकलं. "ठीक आहे, सत्तर. पण मग त्यातला एक रुपया सुटणार नाही. तोंड सांभाळायची जबाबदारी माझी."

हे तोंड सांभाळणं म्हणजे काय, ते सांगते. आमच्यात घोडं विकताना मालक आधी भाव बोलत नाही. घेणारा जनावराच्या खोडी काढतो. एकेक खोड मोठ्याने, चारचौघांत. मालकाने प्रत्येक खोडीला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. उत्तर दिलं की ती खोड मिटली. गप्प बसलात की ती मान्य केलीत, आणि तेवढे पैसे उतरले. वडील या कामात वस्ताद होते. आंधळ्या घोडीचेही डोळे कसे पाणीदार आहेत हे ते पटवून देतील, असं आई म्हणायची.

गिऱ्हाईक डोंबिवलीचं होतं. मंडप, बँड, घोडा सगळं एकत्र पुरवणारा तिशीतला माणूस, सोबत त्याची आई. सकाळी माझी आई म्हणाली, "साडी नेस."

"घोडं दाखवायला साडी कशाला?"

"घोडं दाखवायला नाही," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

एका खेपेत दोन्ही कामं, असा वडिलांचा विचार होता. मला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तो माणूस सारखा फोनमध्ये. बोलत होती ती त्याची आई. तबेल्यात शिरल्या शिरल्या तिने नाकाला पदर लावला आणि सुरुवात केली.

"रंग काळा आहे."

वडिलांनी डोळ्यांभोवतीचं कडं दाखवलं. "पाचसहा वर्षांत दुधासारखं होईल. आई बघा ना त्याची."

"मानेवर केसांचा भोवरा आहे."

"मानेवरचा चालतो, ताई. वाईट तो खोगिराखालचा."

"पाय काटकुळे आहेत."

"असल्याच पायांवर याच्या आईने क्विंटलभराचे नवरदेव वाहिलेत."

"बिचकत असेल."

वडील माझ्याकडे वळले. "वाजव गं."

नेसत्या साडीत, केसांत गजरा घालून, मी ताट बडवलं. शिंगराने कानसुद्धा हलवला नाही. "छान शिकवलंय," बाई म्हणाल्या. दिवसभरातला तो एकच चांगला शब्द, आणि मी मूर्ख, मला आनंद झाला. वडिलांनी सत्तर सांगितले. बाईंनी पन्नास म्हटलं, साठ म्हटलं, वडील हलले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग घरात चहा झाला. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि बाईंनी मला समोर बसवलं.

"अंगाने फारच उंच आहे."

मी वडिलांकडे पाहिलं. ते चहा पीत होते.

"आवाज मोठा आहे हो."

"आहे खरा," वडील म्हणाले.

"नोकरीचं डोक्यात असेल. शिकलेल्या पोरींच्या असतं."

"नाही केली तरी चालेल." हे वडीलच म्हणाले.

बाईंनी चहाचा घोट घेतला. "शिंगराचं म्हणालात, पुढे पांढरं होईल. हिचं काय?"

त्या हसल्या, त्यांचा मुलगा हसला, आणि वडीलही हसले. त्या मायलेकांचा मला राग नाही. गिऱ्हाईक खोड काढणारच, तो त्याचा हक्क आहे. राग आला तो वडिलांचा, आणि तो अजून गेलेला नाही. मला पहिला वर्ग होता. आईचं दुखणं आणि तबेला मी एकटी ओढत होते. ज्या शिंगराला ते रुपया उतरू देत नव्हते, ते मी शिकवलेलं होतं. यातलं काहीही बोलता आलं असतं. मी वाट बघत बसले.

वडिलांनी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. मला वाटलं, आता बोलतील.

"मुलगी पसंत असेल," ते म्हणाले, "तर शिंगरू पस्तीसला न्या."

माझी आई दारात उभी होती, ती आत वळली. त्या माणसाने पहिल्यांदाच फोनवरून मान वर केली. मला नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग खिडकीतून तबेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या आईकडे. बाईंनी उरलेला चहा संपवला.

"नको," त्या म्हणाल्या. "शिंगरू सत्तरलाच नेतो."

पैसे तिथल्या तिथे फोनवर आले. शिंगरू टेम्पोत चढेना. त्या माणसाने आणि टेम्पोवाल्याने ढकललं, वडिलांनी ओढलं, पण ते चारही पाय रोवून उभं. शेवटी वडिलांनी मला हाक मारली. मी फळीवरून वर गेले, ते माझा पदर तोंडात धरून मागोमाग वर आलं. मी पदर सोडवून घेतला आणि बाजूने उतरले. त्यांनी टेम्पोचा मागचा फळका लावला.

रात्री जेवताना वडील खुशीत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात भात वाढला.

"तुझा भाव अगदी बरोबर होता बघ," ते म्हणाले. "मी निम्म्यात देत होतो, तरी त्यांनी पूर्ण दिले."