छान, झोपू द्या

सांगते, पण ऐकून माझ्याकडे तसं बघू नका. त्या दिवसापासून मी स्वतःच स्वतःकडे तसं बघते आहे.

माझी नोकरी आदिलाबादला आणि दहा महिन्यांची लेक माही दिवसभर गावी, तामसीला सासूबाईंजवळ. मी तासाला चार मेसेज करायची. दूध घेतलं का, झोपली का, अंग गरम नाही ना? शेवटी सासूबाईंनी नवऱ्याला बजावलं, "तुया बायकोले सांग, म्या तीन लेकरं वाढवली. तिले एक नाई झेपून राह्यलं."

मग मी शहाणपणा केला. शिकलेली ना मी. विचारणं बंद केलं, कळवायचं ते सासूबाईंनीच, आणि दोन रविवार घालून फोनवर त्यांना उत्तरं देणारा एक चॅटबॉट बनवला. सासूबाईंच्या मेसेजात 'दूध' दिसलं की माझ्या नावाने उत्तर, "छान, पोट भरलं." 'शांत' किंवा 'निज' दिसलं की, "छान, झोपू द्या." आणि 'ताप' आला की माझा फोन भोंग्यासारखा वाजणार.

त्या मंगळवारी फोन वाजलाच नाही. कित्येक महिन्यांनी मी डबा चवीने खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी स्वप्नाला यंत्रावर विश्वास कसा ठेवावा, हेही समजावलं.

तीन वाजता सहज मेसेज उघडले.

"पोरगी आज लई शांत हाय."
"छान, झोपू द्या."
"दूध तोंडाले लावत नाई."
"छान, पोट भरलं."
"निजूनच हाय. हाक देली तं डोळे नाई उघडत."
"छान, झोपू द्या."
"आदिलाबादले दवाखान्यात आणली. सलाईन लावलं. आता निजली."
"छान, झोपू द्या."

आता ऐका. सासूबाई लेकराच्या दुखण्याचं नाव कधी घेत नाहीत. नाव घेतलं की ते घरात ठाण मांडतं, असं त्यांचं पक्कं मत. लग्नाला पाच वर्षं झाली, मला हे माहीत होतं. बॉटला सांगायचं राहिलं.

आमचा नेहमीचा दवाखाना ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर. पोचले तर माही खाटेवर मलूल, अंग तापलेलं, तिच्या मुठीत सासूबाईंचं बोट. वेळेवर आणली म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणून गेले होते.

"आत्या, ताप आहे असं लिहिलं का नाही?" मी सासूबाईंना विचारलं.

"लेकराच्या दुखन्याचं नाव कसं घेऊ व माय? आन् लिवून काय होतं? तू म्हनली असती, झोपू द्या."

तेवढ्यात नर्स आली. कधीपासून असं आहे, विचारू लागली. सासूबाईंनी फोनच तिच्या हातात दिला. "पाय, सकाळपासून आईले कळवून राह्यली."

नर्सने वाचलं, तेही मोठ्याने. सवाल आणि जवाब दोन्ही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने पाणी प्यायचं थांबवलं.

वाचून झाल्यावर नर्सने मान वर केली. "लेकराची आई कोन हाय?"

"मी मावशी," माझ्या तोंडून निघालं.

सासूबाईंनी शांतपणे मान डोलावली.

"हो, मावशीच हाय. आई फोनात राह्यते."