नानांच्या नावाचा लघुग्रह

हसायचं नाही हं, आधीच सांगते! माझ्या एका वाक्यामुळे माझे सासरे थेट अंतराळात गेले आणि आता आमच्याच हॉलमध्ये बसलेत. चहा घ्या, सांगते सगळं.

नाना साताऱ्याहून आमच्याकडे फरीदाबादला पंधरा दिवसांसाठी आले होते. सोफा त्यांचा, टीव्ही त्यांचा, पहाटे साडेपाचचा दणदणीत प्राणायामही त्यांचाच. मी सरकारी ऑफिसात खपून घरी यायचे ती दिवस मोजत. रविवारचं परतीचं तिकीट मी स्वतः काढलं होतं. कन्फर्म!

आणि गुरुवारी कळलं, की बुधवारी नानांची पंचाहत्तरी झाली. मी साफ विसरले! नाना रुसले. जेवताना फक्त "मीठ" एवढंच बोलले. असेच रुसून गेले असते तर साताराभर माझी शोभा! त्यांना रविवारी हसत गाडीत बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात शाळेच्या ट्रिपला गेलेल्या माझ्या लेकीचा, ईशाचा, फोन आला. ट्रिपआधी शाळेच्या उपक्रमात दुर्बिणीचे फोटो तपासताना तिला मंगळ आणि गुरूच्या मधला एक नवा लघुग्रह सापडला होता! झालं, माझी ट्यूब पेटली.

"नाना, रुसता काय? तुमचं गिफ्ट मोठं आहे! या लघुग्रहाला आपण तुमचं नाव देतोय!"

ईशाला विचारलं का? छे! तिने शोधायचं, मी वाटून टाकायचं.

नाना असे खुलले म्हणता! अर्ध्या तासात गावाकडे वीस फोन. दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स! गॉगल घातलेले नाना, मागे शनीची कडी आणि खाली, "अंतराळात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" इकडे सोसायटीतले शर्माजी हार घेऊन हजर.

"अंकलजी, छत से दिखेगा क्या?"

"बिल्कुल दिखेगा!" हेही मीच ठोकून दिलं. गप्प बसावं की नाही माणसाने?

शनिवारी दुपारी ईशा घरी आली. हार बघितला, फ्लेक्सचा फोटो बघितला.

"मम्मा, यार, ये क्या है? अजून फक्त टेंपररी नंबर मिळालाय. आधी ऑर्बिट पक्की होणार, मग परमनंट नंबर, मग आपण नाव सुचवायचं, मग कमिटी बघणार."

"किती दिवस लागतील?"

"दिवस? सहा-सात साल. दहा पण."

एवढ्यावर ईशाला राहवेना. "आणि पॉलिटिक्सवाले असतील ना, तर मरून शंभर वर्षं व्हायला लागतात."

"मी पंचायतीला उभा होतो, पण पडलो," नाना घाईघाईने म्हणाले. "ते धरत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, चुकलं माझं. कुणाला न विचारता बोलून बसले."

नाना मात्र शांत. "चुकलं कसलं? सूनबाई, रोज जेवताना तूच सांगतेस ना, फाइल नुसती टेबलावर पडून राहते, समोर माणूस ठाण मांडून बसला की हलते?"

"हो, पण नाना…"

"मग झालं तर! गावात फ्लेक्स लागलाय. आता काम झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाऊ? मी बसतो इथेच."

आणि तिथल्या तिथे त्यांनी ईशाला तिकीट रद्द करायला लावलं. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. वाचूनही मीच दाखवला.