विसावर चार

माप घालायला बसण्याआधी मापारीमामा दोन्ही तळवे धोतराला पुसायचे आणि भोवतालच्यांना एकदाच बजावायचे, "मधी बोलायचं नाय." मग कुणी रामराम केला तरी डावा हात नुसता वर व्हायचा. उजव्या हातातली पायली थांबायची नाही.

तुम्हीही असा कुणी पाहिला असेल. विकणारा आणि घेणारा समोरासमोर, मधे भाताची रास, आणि दोघांचाही विश्वास तिसऱ्याच माणसाच्या तोंडच्या आकड्यावर. कर्जतच्या बाजारात तो आकडा मामांचा असे. किलोचे काटे कधीच आले होते, पण पोशीरकडचे म्हातारे शेतकरी अजून मामांच्याच हातून मोजून घेत. कुणी "परत मोजा" म्हटलं की मामा पायली खाली ठेवून सरळ उठत. "माप येकदाच," एवढंच म्हणत.

मी त्यांच्या वाट्याला कसा आलो ते सांगतो. सांगताना आजही कानशिलं गरम होतात, पण सांगतो.

आपली माणसं नुकतीच दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन आली होती. मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत तिथं ठेवायचा एक डबा तयार होत होता. माणसं परतल्यावर त्यानं हिवाळाभर एकट्यानं बर्फात बसायचं आणि बिनतारी संदेशानं दूरच्या ठाण्याला तिथला गारठा कळवायचा. बॅटरी पुरावी म्हणून तो तासभर झोपायचा, मग एक मिनिट टिकटिक करून पुन्हा झोपायचा. गारठा वाढला की टिकटिक मंदावायची. मिनिटात किती वेळा वाजलं ते मोजलं की तापमान कळलं. ताकद म्हणाल तर विजेरीच्या दिव्याएवढीही नाही. तेवढ्या ताकदीत लांबवर ऐकू जायला हवं आणि आकडा खरा यायला हवा, हीच परीक्षा.

ती आम्ही इथं घेतली. खालापूरकडच्या एका शेतघरात माझा सहकारी बर्फ आणि मीठ भरलेल्या पेटीत डबा ठेवून थर्मामीटर बघत बसला. मी कर्जतला, भाताचे व्यापारी असलेल्या एका शेटजींच्या दुकानाच्या माळ्यावर रिसीव्हर मांडला. मोजायला यंत्र आणलं होतं, पण घाटात गाड्या चढवणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांची खरखरसुद्धा ते टिकटिक म्हणून मोजू लागलं. म्हणजे माणसाचा कानच हवा. आणि तो आमच्यातला नको, अशी आमच्या साहेबांची अट. आपल्या डब्याच्या बाजूनं आपण मोजू, असं त्यांना वाटे. साहेब माणसं ओळखून होते म्हणायचे! शेटजींनी मामांना वर पाठवलं.

मामांनी तळवे पुसले, हेडफोन कानाला लावला आणि सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..." मी म्हटलं, मामा, एकपासून म्हणा. ते ऐकेनात. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभच म्हणतात, मग ते भात असो की तुमचं यंत्र. बेरीज बरोबर येते ना, मग झालं तर.

त्या डब्यावर त्यांचा जीव जडला. तिथं शेजारपाजार काही नाही का, झाडबीड तरी, असं विचारत. काहीच नाही म्हटल्यावर चुकचुकले. "म्हंजे येकटाच राखण बसायचा, आन तरी खरं तेच सांगायचा," म्हणाले. रोज डबी उघडून मला घरची तांदळाची भाकरी देत. त्या डब्याबरोबर मलाही बोटीनं जायला मिळेल, हे मी त्यांना मोठ्या फुशारकीनं सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीत मीठ वाढवलं होतं. मिनिट संपलं, मामांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "विसावर चार." मी वहीत चोवीस लिहिले. दुसरा हेडफोन माझ्या कानाला होता. मीही मनात मोजत होतो. चोवीसच.

संध्याकाळी सहकाऱ्याची वही आली. त्याच्या थर्मामीटरप्रमाणे एकतीस यायला हवे होते. म्हणजे कडक थंडीत बॅटरी दमत होती आणि डबा होता त्याहून जास्त गारठा सांगत होता. मला ते तेव्हाच कळलं. पण दोष निघाला तर डबा इथंच राहणार, आणि डबा राहिला तर मीही राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. खाली दुकानात, शेटजींसमोर, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी विचारलं, हे चोवीस कसे? मी म्हणालो, "मोजणीत चूक झाली असेल, साहेब. अडाणी माणूस आहे."

मामा दाराशी उभे होते. "सायब, माप बरोबर हाय," म्हणाले. एकदाच म्हणाले. साहेबांनी लाल पेन्सिलीनं चोवीसवर काट मारली.

सामान टेंपोत चढवायला मामाच आले. रिसीव्हर आत सरकवताना हळूच म्हणाले, "भाऊ, तुमीबी मोजत व्हतात. तुमचे ओठ हालत व्हते."

मी निर्लज्जासारखं विचारलं, "मग हे तिथं का नाही बोललात?"

"म्हनलं, तुमीच सांगाल."

मी टेंपोत चढलो.

मी बोटीनं गेलो. बर्फात डबा ठेवला आणि जे व्हायचं तेच झालं. थर्मामीटर एक सांगे, टिकटिक दुसरं. मी बॅटरीभोवती लोकर गुंडाळली, जोडणी बदलली, डबा नीट बोलू लागला. दोष इतक्या झटपट ओळखला म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. माझ्यासारखा हलकट मीच.

परत आल्यावर मात्र राहवेना. सगळं कबूल करायचं ठरवून कर्जतला गेलो. शेटजींनी बसवून घेतलं, चहा मागवला. मामा कुठं, म्हणून विचारलं. त्या दिवसानंतर त्यांनी पायली हातात धरली नव्हती. शेटजींनी पुष्कळ समजावलं, पण लोकांच्या भाताला आता हात लावायचा नाही, असं म्हणून ते रसायनीजवळ लेकीकडे गेले. तिथं एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसत. पावसाळ्यात तापानं गेले.

"एका मोजणीत चुकला हो," शेटजी म्हणाले, "नाहीतर माणूस खरा."

दुकानात तेव्हा चारपाच जण होते. सगळे मामांना ओळखणारे. मी चहा संपवला आणि मान डोलावली.