आमचे अकरा वर्षांचे पणजोबा

दोन हजार अठरा साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि आमचे पणजोबा अकरा वर्षांचे.

म्हणजे भिंतीवरचे. भूगावची जमीन बिल्डरला देऊन आम्ही बंगला बांधला, पण हॉलची भिंत मोकळीच. खऱ्या पणजोबांचा फोटो नव्हता. त्यांनी उभ्या जन्मात कॅमेरा पाहिला नाही (बहुधा आरसाही नाही). नातवाला, दीपकला, स्थळं यायला लागली तेव्हा मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि एक तपकिरी फोटो फ्रेमसकट उचलून आणला. कुठल्याशा संस्थानाचे बाळराजे. डोक्यावर शिरपेच, गळ्यात मोत्यांचे सर, हातात स्वतःपेक्षा उंच तलवार. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ न हलता बसावं लागे, आणि राजे हलले होते. एक पाय पार धुरकट. मी हार घातला आणि येईल त्याला सांगू लागलो, "आमचं पनजोबा. पायाला घोड्याची सवय, एका जागी ठरायचाच न्हाई."

माझी बायको हिराबाई पदर तोंडाला लावून आत जायची. मी चौथी पास, ती तेवढीही नाही, म्हणून मी मनावर घेत नसे.

मग रिहे गावचं स्थळ आलं. पोरापोरीनं एकमेकांना आधीच पसंत केलेलं, मोठ्यांनी फक्त मान हलवायची होती. मुलीचे आजोबा तात्या माझ्याच वयाचे आणि माझ्याइतकेच ताठ (असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत). पोह्यांचा पहिला घास घेऊन त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"ह्ये कोन?"

"आमचं पनजोबा."

"न्हाई. ह्ये आमचं पनजोबा हायेत."

मुलीनं घाबरत मोबाईलवर त्यांच्या घरातला फोटो दाखवला. तोच शिरपेच, तीच तलवार, तोच धुरकट पाय.

"वाघावर धावून निघालं व्हतं," तात्या गंभीरपणे म्हणाले.

शहाणी माणसं इथं हसली असती. पण आम्ही दोघंही मोठी माणसं.

"म्हंजे आपन भाऊबंद निगालो, पाव्हनं," तात्या उठलेच. "पोरगापोरगी भाऊभन झाली. सोयरीक व्हत न्हाई."

"आडनावं येगळी हायेत की," दीपक रडकुंडीला आला.

"आडनावं गावावरनं पडत्यात. रगात एकच."

पोरगी पांढरीफटक पडली. माघार घेणं तर माझ्या रक्तात नाही, म्हणून मी तोड काढली. "जुळं आसत्याल. येक तुमचं, येक आमचं."

"मंग तर लईच जवळचं झालं."

खरं होतं. मी आणखी डोकं चालवलं. "मंग येक जन दत्तक गेला आसंल. दत्तक गेला की कूळ बदललं."

तात्या परत बसले. "ह्ये जमतंय. तुमचं गेलं दत्तक."

"आमचं का म्हनून? तुमचं गेलं."

"आमचं थोरलं. थोरला कोन दत्तक देतं व्हय?"

"जुळ्यात कसला आलाय थोरला?"

चहावर साय धरली तरी आमच्यातलं कुणी दत्तक जाईना. दीपकनं डोकं धरलं. शेवटी हिराबाई दुसरा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "पाव्हनं, आमच्या ह्यांनी ह्यो जुन्या बाजारातनं आनलाय. तुमी कुटनं आनला?"

तात्यांनी पंख्याकडं पाहिलं. कोपऱ्यातून त्यांच्या मंडळींचा आवाज आला.

"तितनंच."

त्याच बैठकीला सुपारी फुटली. सगळे पोट धरून हसत होते. मी एकटा रागात होतो, कारण असा दुसरा नग अख्ख्या पुण्यात नाही, असं त्या दुकानदारानं मला शपथेवर सांगितलं होतं.

बाळराजे उतरवले. खिळा तेवढा राहिला, आणि मोकळा खिळा मला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फोटो स्टुडिओ गाठला, नवरदेवांचा भाड्याचा फेटा चढवला, तलवार धरली आणि खुर्चीत बसलो.

"आजोबा, जरा हसा की," फोटोवाला म्हणाला.

"राजं हसत न्हाईत."

मुद्दाम पायही हलवून पाहिला. पण हल्लीचे कॅमेरे फार चपळ, पाय चपलेसकट स्वच्छ आला. लगेच फ्रेम करून घेतली, घरी येऊन त्याच खिळ्याला लावली आणि हिराबाईला हाक मारली. तिनं जवळून पाहिलं. मागं सरकून पाहिलं.

"आता ह्यो म्हातारा आनि कुनाचा उचलून आनलाय?"